पाहुणे येईपर्यंतची गिटार

थोर वादकाचं ध्वनिमुद्रण अर्धवट कानाने ऐकणारा माणूस मला त्या वादकाचा वैरी वाटतो. मुळीच न ऐकणारा परवडला; त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नसतं. अर्धवट ऐकणारा चार मिनिटं लावतो, त्यातच भाजी निवडतो, फोन घेतो, शेजारणीशी बोलतो, ‘किती शांत वाटतं!’ म्हणतो आणि बंद करतो. वर चारचौघांत सांगतो, की मला शास्त्रीय संगीताची फार आवड. या असल्या आवडीने आपल्याकडच्या गिटारवादनाचा जीव घेतला आहे. वर्षानुवर्षं पाहून, ऐकून मी हे म्हणते आहे, आणि आज नावानिशी लिहिणार आहे. कारण या सगळ्यात सर्वांत आधी काय पुसलं गेलं असेल तर ते वाजवणाऱ्याचं नाव.

मी इस्लापुरात राहते. किनवट तालुक्यातलं हे गाव. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आमच्या जवळच. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की नांदेडकडून, यवतमाळकडून, पलीकडे तेलंगणातूनही माणसं लोटतात. खडकांमधून पैनगंगा कोसळते तेव्हा शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, एवढा तिचा आवाज. माणसं ते सगळं मोबाईलवर टिपतात आणि परतीच्या गाडीत बसल्या बसल्या पहिलं काम काय करतात, तर नदीचा आवाज काढून टाकतात. त्या जागी कुठलीशी बासरी, कुठलीशी गिटार चिकटवतात. मोबाईलमध्ये ती ‘रिलॅक्सिंग’ या नावाखाली फुकट मिळते. वाजवणारा कोण, राग कोणता, तबल्याला कोण, हे विचारायची सोयच नाही. एका फटक्यात नदी मुकी केली आणि वादक बेवारशी केला. दर श्रावणात मला असली चित्रणं ढिगाने येतात, आणि पाठवणाऱ्यांत घरात तानपुरा असलेले लोकही असतात. त्यांचा मला जास्त राग येतो.

आता मुद्द्याच्या तबकडीकडे येते. १९६७ साली एच. एम. व्ही.ने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ काढली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, तबल्यावर माणिकराव पोपटकर, निर्माते जी. एन. जोशी. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, ही कल्पना. पहाटेच्या अहीर भैरव आणि नट भैरवाने सुरुवात, मग पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी. भारतातल्या वाद्यसंगीताच्या जगभर सर्वाधिक पोचलेल्या ध्वनिमुद्रिकांत तिचं नाव घेतात. मराठी माणसाने तर ती आपली म्हणून सांगायला हवी होती. जी. एन. जोशी म्हणजे कवी ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ गाऊन १९३२ साली मराठी भावगीताची वाट मोकळी करणारे जोशी. देशपांडे मेहकरचे, म्हणजे आमच्याच पैनगंगेच्या वरच्या अंगाचे. हाच गायक पुढे एच. एम. व्ही.त ध्वनिमुद्रणाचं काम पाहू लागला, मोठमोठ्या गवयांना माइकपुढे बसवू लागला, आणि त्या आठवणी त्याने ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहूनही ठेवल्या. तबल्याला पोपटकर. एवढं सगळं मराठी त्या तबकडीत आहे.

आज कुठल्याही मराठी संगीतप्रेमी माणसाला विचारून पाहा. त्यात संतूर कुणाचं? उत्तर तयार. बासरी? त्याहून तयार. गिटार कुणाची? माणूस थांबतो, छताकडे बघतो, ‘ते आपले हे...’ म्हणतो आणि विषय या दोघांच्या ‘सिलसिला’ चित्रपटातल्या गाण्यांवर नेतो. तबला कुणाचा हे तर मी विचारणंच सोडून दिलं आहे. चार माणसांनी मिळून वाजवलेली गोष्ट आपण दोघांच्या नावावर लावून मोकळे झालो. त्यात त्या दोघांचा काही दोष नाही. त्यांनी आपापली वाद्यं मैफलीत उभी करायला आयुष्य घातलं. त्यांना मिळाला तो मान कमीच म्हणायचा. दोष कानांचा आहे, आणि ते कान आपले आहेत.

काब्रा जोधपूरचे, जन्म १९३७चा. घरात सतार-सरोदचं वातावरण. बंधू दामोदरलाल काब्रा सरोद वाजवत. ब्रिजभूषणनी हाती घेतली हवाईयन गिटार. ती तेव्हा हलक्याफुलक्या सुरावटींचं वाद्य म्हणूनच लोकांना ठाऊक होती. हवाई बेटांकडची ही पद्धत फिरत्या कलावंतांबरोबर कोलकात्यात येऊन रुजली होती. टाऊ मो हे त्यातलं मोठं नाव, १९४०च्या दशकात ते कोलकात्यातच राहत. मुंबईत व्हॅन शिप्ले विजेच्या गिटारवर सिनेमाची गाणी वाजवत आणि त्या तबकड्या हातोहात खपत. अशा वाद्यावर राग वाजवायचा, तर आधी घरातून परवानगी हवी. वाजवीन तर रागसंगीत वाजवीन, असा शब्द काब्रांनी वडिलांना दिला होता असं सांगतात. त्यांना गुरू लाभले अली अकबर खाँ. म्हणजे वाद्य परक्या बेटांवरचं आणि तालीम थेट मैहर घराण्याची. २०१८ साली काब्रा गेले. तेव्हा माझ्या ओळखीतल्या एकाही रसिकाचा फोन आला नाही, आणि मी ज्यांना फोन केले त्यांतल्या निम्म्यांना मला आधी ते कोण हे सांगावं लागलं.

ते काय वाजवत होते, हे समजून घ्यायला फार विद्वत्ता लागत नाही. गिटार मांडीवर आडवी. डाव्या हातात पोलादी दांडी; ती तारेवर टेकवायची, दाबायची नाही, म्हणजे पडदे असून नसल्यासारखे. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. सतारीवर मींड काढायची तर तार पडद्यावर आडवी ओढावी लागते, आणि कितीही ओढली तरी तिला हद्द आहे. दांडीला ती हद्द नाही. तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वर न तुटता नेता येतो. गळ्याच्या इतकं जवळ जाणारं तारेचं वाद्य विरळा. पण त्याची किंमत मोजावी लागते. दांडी तांदळाएवढी ढळली तर स्वर गेला. सावरायला पडदा नाही. शेजारच्या तारांचा नको तो नाद सतत हाताने दाबत राहावं लागतं. आणि द्रुत तानेत एकेक स्वर सुटा दाखवायचा म्हटलं की घसरण्याचा तिचा स्वभाव आड येतो. काब्रांनी वाद्याचं बळ आणि वाद्याची अडचण दोन्ही ओळखली, चिकारीची तार जोडून घेतली आणि आपला सगळा भर विलंबित आलापीवर ठेवला. कोमल स्वराकडे ते थेट जात नाहीत. वरच्या स्वरावरून उतरतात, वाटेत श्रुतीचा अंदाज घेतात, जरा खाली रेंगाळतात आणि मग मुक्कामाला येतात. हा सगळा प्रवास दोन-तीन सेकंदांचा. त्यातच त्यांची सारी तालीम आहे. भाजी निवडताना तो ऐकू येत नाही.

इथेच घात झाला. संथ आहे म्हणजे सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणजे मागे वाजत ठेवायला बरं आहे, असा हिशेब लोकांनी केला. तीच आलापी एखाद्या बुवांनी गायली असती तर हेच लोक मांडी घालून, डोळे मिटून, ‘क्या बात है’ म्हणत बसले असते. गिटारवर आली म्हणून ती दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात गेली, फोनवर ‘कृपया थांबा’च्या मागे गेली, योगासनांच्या वर्गात गेली.

आमच्या भागातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनातली गोष्ट. मंडप सजलेला, मुलं रंगवलेल्या तोंडाने उन्हात ताटकळलेली, आणि कर्ण्यांतून तीच तबकडी. मी उठून साऊंडवाल्या पोराकडे गेले. विचारलं, काय लावलंस रे? म्हणाला, “काय की, मॅडम. म्युझिक हाय. पाहुणे येईपर्यंत लावायलो.” पाहुणे आले. गिटारने नुकताच गंधार धरला होता. पोराने बटण फिरवलं, गंधार अर्ध्यात मेला, आणि ‘हॅलो, हॅलो, चेक’ सुरू झालं. त्या पोराला मी काही बोलले नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण व्यासपीठावर संगीताचे शिक्षक बसले होते, संगीत विशारद असल्याचं प्रमाणपत्र घरात चौकटीत लावलेले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. पाहुण्यांनी मग भाषणात भारतीय संस्कृती आणि अभिजात कलांच्या जतनावर पाऊण तास घेतला. माझ्या मते त्या सभेत अभिजात कलेची गळचेपी आधीच उरकली होती, आणि ती करणाऱ्यांनाच हार घातले गेले.

पाहुण्यांपेक्षा आणि साऊंडवाल्यापेक्षा मला जास्त भांडायचं आहे ते जुन्या जाणत्या रसिकांशी. नांदेडच्या एका मैफलीनंतर अशाच एका बुजुर्गांशी बोलणं झालं. म्हणाले, “बाई, गिटार ऑर्केस्ट्रात बरी. राग वाजवायला आपली वाद्यं काय कमी आहेत?” मी विचारलं, आपण काब्रांना ऐकलंय का? म्हणाले, “ऐकायची गरजच काय?” हे उत्तर मी वेगवेगळ्या तोंडांतून पुष्कळदा ऐकलं आहे आणि दर वेळी माझं डोकं तेवढंच तापतं. व्हायोलिन कुठल्या ऋषींनी घडवलं होतं? गजाननबुवा जोशी आणि व्ही. जी. जोग यांनी त्याच्यावर राग वाजवला तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत होता. संगीत नाटकाच्या साथीला जो ऑर्गन होता तो काय पंढरपूरचा होता? पेटी परकी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी घातली आणि पुढची तीस वर्षं ती हट्टाने पाळली. त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातला एक गवई पेटीशिवाय मैफलीला बसला का? गोविंदराव टेंब्यांच्या हातातली पेटी तुम्हाला आपली वाटते. मग काब्रांच्या मांडीवरची गिटार परकी कशी? आणि संतूर? त्यावर मींड निघत नाही, ते रागसंगीताला चालणार नाही, हेच शिवकुमारांनाही सुरुवातीला ऐकवलं गेलं होतं. बासरीही मैफलीत एकटी मिरवू लागली ती पन्नालाल घोषांपासून. म्हणजे १९६७च्या त्या तबकडीत मैफलीच्या उंबऱ्याबाहेरची तीन वाद्यं एकत्र बसली होती. दोघांना तुम्ही आत घेतलं. तिसऱ्याला बाहेर ठेवलं आणि त्याचं कारणही कधी दिलं नाही.

एक कारण मी देते. शिवकुमार आणि हरिप्रसाद मुंबईत होते, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत होते, त्यांच्या तबकड्यांमागून तबकड्या येत राहिल्या. काब्रा अहमदाबादेत राहिले, मैफलींच्या आणि मुलाखतींच्या बाजारापासून दूर. ध्वनिमुद्रणाच्या जगात जो सतत समोर दिसत नाही तो नसतोच. हे कंपन्यांनी करावं हे समजू शकतं. त्यांना विकायचं असतं. रसिकांनी का करावं?

पश्चिमेतही हेच झालं आहे, आणि तिथला दाखला आपल्याहून कठोर आहे. ज्या गिटारला जग अभिजात गिटार म्हणून ओळखतं, ती मैफलीत आणली स्पेनच्या आंद्रेस सेगोव्हियाने. जन्म १८९३. त्याची पहिली ध्वनिमुद्रणं १९२७ साली लंडनला झाली, एच. एम. व्ही.साठीच. तेव्हा गिटारला आतड्याच्या तारा असत. नायलॉनच्या तारा आल्या दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्यांना मान्यता मिळवून देण्यातही त्याचाच हात. सभागृह कितीही मोठं असो, माइक लावायचा नाही, हा त्याचा बाणा. हजारो माणसांना त्याने श्वास धरून ऐकायला लावलं. त्याचं मोठेपण मी निमूट मान्य करते. पण त्याच माणसाने पराग्वेच्या आगुस्तीन बारिओसला आपल्या कार्यक्रमात जागा दिली नाही. बारिओस १८८५ साली सान हुआन बाउतिस्ता या आडगावी जन्मलेला. सेगोव्हियाच्या कितीतरी आधी त्याने गिटारच्या तबकड्या केल्या होत्या. गिटारच्या अगदी आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत त्यांची गणना होते. पण त्याच्या गिटारला पोलादी तारा होत्या आणि त्या काळच्या बड्यांना त्या हलक्या वाटत. ‘ला कातेद्राल’सारखी रचना करणारा हा माणूस १९४४ साली वारला तेव्हा लॅटिन अमेरिकेबाहेर त्याला जवळपास कुणी ओळखत नव्हतं. १९७७ साली गिटारवादक जॉन विल्यम्सने त्याच्या रचनांची अख्खी तबकडी वाजवली आणि मग सगळे धावले. मरणानंतर तेहेतीस वर्षांनी. मधल्या काळात रचना त्याच होत्या, स्वर तेच होते. फक्त एका मोठ्या नावाने त्या वाजवल्या नव्हत्या.

पुण्या-मुंबईच्या गिटारच्या वर्गांतली मुलं आज लंडनच्या परीक्षांच्या पायऱ्या चढतात, तारेगाची ‘आलाम्ब्रा’ सफाईने वाजवतात, सेगोव्हिया की ब्रीम यावर वाद घालतात. चांगलं आहे. एच. एम. व्ही.ने काढलेली, गिटारवरची सर्वांत गाजलेली भारतीय तबकडी त्यांना कुणी एकदाही बसवून ऐकवलेली नसते. शिकवणाऱ्यांना याची लाज वाटायला हवी.

ज्युलियन ब्रीमचं नाव निघालंच आहे तर या इंग्रज गिटारवादकासाठी लिहिलेल्या एका रचनेबद्दल सांगते, कारण ‘शांत झोप लागते’ म्हणून गिटार लावणाऱ्यांना तिच्यासारखं दुसरं उत्तर नाही. १९६३ साली संगीतकार बेंजामिन ब्रिटनने ब्रीमसाठी ‘नॉक्टर्नल’ लिहिलं. आधार जॉन डाउलंडच्या जुन्या गाण्याचा, आणि ते गाणं निद्रेला केलेल्या आवाहनाचं. ब्रिटनने त्याची आठ रूपं बांधली. त्यांतली कितीतरी रूपं अस्वस्थ, दचकणारी, झोप न येणाऱ्या माणसाच्या रात्रीसारखी. आणि मूळ गाणं? ते सुरुवातीला येतच नाही. सगळी रूपं, सगळी तळमळ ओलांडल्यावर अगदी शेवटी ते उघडं होतं. ब्रीमचं ध्वनिमुद्रण ऐका. पहिल्या मिनिटाला डोळे मिटणाऱ्याला त्यातलं मूळ गाणं कधीच भेटणार नाही. निद्रेवरची रचना जागं राहूनच ऐकावी लागते. हे ब्रिटनने लिहिलं, ब्रीमने वाजवलं, आणि बाजाराने गिटारचे सगळे तुकडे एकत्र करून ‘झोपेसाठी’ म्हणून विकायला काढले.

लोक म्हणतात, दिवसभर राबलेला माणूस घरी येतो, त्याला जरा बरं वाटावं म्हणून लावतो, तुमचं काय जातं? माझं पुष्कळ जातं. राबलेल्या माणसाला विसावा हवा तर त्याने पंखा लावावा, अंगणात बाज टाकावी, लताबाईंची गाणी ऐकावीत. त्यातलीही कित्येक पूर्ण लक्ष मागणारी आहेत, तो भाग वेगळा. पण एका माणसाने वर्षानुवर्षं गुरूपुढे बसून कमावलेलं काम आपल्या थकव्यावरची झोपेची गोळी म्हणून वापरायचं आणि त्याचं नावही माहीत करून घ्यायचं नाही, याला मी विसावा म्हणणार नाही. शेतात राबणाऱ्याला आपली मजुरी कुणी नाव न विचारता खाल्ली तर कसं वाटतं, हे आमच्या भागात मी कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास पाहिला तर हा अन्याय जास्तच झोंबतो. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित झालं तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं कलावंताला तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मिळत. अब्दुल करीम खाँसारख्याला अख्खा राग तेवढ्यात बसवावा लागला, आणि त्यांनी तो बसवला. ती सक्ती यंत्राची होती. लाँग प्लेइंग तबकडी आली, एका बाजूला वीस मिनिटं मिळू लागली, तेव्हा कुठे आलापीला हातपाय पसरता आले. काब्रांचं विलंबित काम त्या वीस मिनिटांशिवाय मुद्रित झालंच नसतं. आता मोबाईलमध्ये तासन्‌तास मावतात आणि माणसं पंधरा सेकंद ऐकतात. ही सक्ती कुठल्या यंत्राची? कुणाचीच नाही. ही आपली निवड आहे, आणि ती हलकी निवड आहे.

जुनी ध्वनिमुद्रणं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनीही हात झटकू नयेत. तबकडीच्या पाठीवर कधीकाळी परिचय छापलेला असे. कोण वाजवतं, कोणता राग, कोणता ताल, कोण साथीला. मोबाईलवर मला हीच जुनी कामं सापडली तेव्हा तबलजीचं नाव गाळलेलं होतं, एका आलापाच्या मध्ये साबणाची जाहिरात होती, आणि परिचय कुठेच नव्हता. हे काय तंत्रज्ञानाने अवघड आहे? चार ओळी टाइप करायच्या आहेत. ज्याच्या जिवावर विकता त्याचं नाव चार ओळींत लिहिण्याइतकीही तुमची दानत नाही.

आणि एक नवाच रोग. बाहेरून शिक्का बसला की आपल्याला जाग येते. विश्वमोहन भट्ट जयपूरचे, रविशंकरांचे शिष्य. गिटारला तरफेच्या तारा जोडून त्यांनी मोहनवीणा केली. १९९२ साली अमेरिकेत तिथल्या गिटारवादक राय कूडरबरोबर ते एका प्रार्थनास्थळात बसले. दोघांची भेट होऊन तासही झाला नव्हता आणि ध्वनिमुद्रण सुरू झालं. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ साली ग्रॅमी मिळालं आणि भारतातल्या वर्तमानपत्रांना मांडीवरच्या गिटारचा शोध लागला. त्या बातम्यांचं मला कौतुक नाही. या वाटेवर पंचवीस-तीस वर्षं आधी जो माणूस चालून गेला होता, आणि देबाशीष भट्टाचार्यांसारखा शिष्य ज्याने घडवला, त्याला हुडकायला यातल्या कुणालाही अमेरिकेचं तिकीट लागलं नसतं. अहमदाबादेची रेल्वे पुरली असती.

‘इस्लापुरात हे कोण ऐकणार?’ हा प्रश्न मला इथलेच लोक विचारतात, म्हणून जास्त लागतो. बारिओसच्या गावाचं नाव मी वर लिहिलं आहे. काब्रांच्या वाद्याने हवाई बेटांपासून जोधपूरपर्यंत किती समुद्र ओलांडले तेही लिहिलं आहे. राग कळायला पुण्याचा पत्ता लागतो, ही समजूत पुण्याने आपल्यावर लादलेली नाही. ती आपणच कवटाळून बसलो आहोत. आमच्याकडच्या पोरांचे कान चांगले आहेत. भजनात वरच्या पट्टीत चढणारी, हलगीची एक मात्रा चुकली तर माना वळवणारी ही पोरं आहेत. त्यांना संथ मींड ऐकू येणार नाही असं म्हणणाऱ्याने आधी ती स्वतः ऐकून दाखवावी.

म्हणून माझं सरळ मागणं आहे. आकाशवाणीच्या परभणी आणि नांदेड केंद्रांनी महिन्यातून एकदा तरी गिटारवरचा एखादा राग पूर्ण लावावा. आधी वादकाचं नाव, साथीदाराचं नाव, रागाचं नाव, आणि मध्ये कुणाचाही आवाज नको. नांदेड-लातूरच्या संगीत महाविद्यालयांनी वाद्यांच्या इतिहासात काब्रांवर निदान एक तास ठेवावा, आणि त्या तासाला पाठ्यपुस्तक मिटून तबकडी लावावी. आणि आमच्या भागातल्या त्या शाळेला मी लेखी कळवलं आहे, की यंदाच्या संमेलनात पाहुणे येईपर्यंत काहीही लावू नये. मुलांना बोलू द्या, ओरडू द्या, खेळू द्या. ती तबकडी लावायचीच असेल तर पाहुणे आल्यावर लावा, त्यांना खाली सतरंजीवर मुलांच्या शेजारी बसवा, साऊंडवाल्याला बटणापासून दूर उभं करा, आणि एक बाजू पूर्ण संपेपर्यंत हारतुरे टेबलावरच राहू द्या.